मुंबई–न्यूयॉर्क विमान: अंतर एकच, मग जायला सोळा तास आणि यायला सव्वाचौदा कसे?

घाटमाथा (धागाकर्ता)

दोन विमानतळांमधलं अंतर सांगणारी बरीच संकेतस्थळं आहेत. मुंबई ते न्यूयॉर्कचं जेएफके टाकलं की सगळीकडे साडेबारा हजार किमीच्या आसपास आकडा येतो. वेळ मात्र कुठे १४ तास, तर कुठे १५ तास ४० मिनिटं. न थांबता जाणाऱ्या विमानाच्या तिकिटावर जाताना साधारण १६ तास आणि येताना सव्वाचौदा.

तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.
१. हे अंतर घरच्या घरी काढता येतं का?
२. जाता-येता पावणेदोन तासांचा फरक कुठून येतो?
३. दुबई, लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे गेलं तर प्रत्यक्षात किती लांब पडतं?

प्रवासी सत्तरीचे आहेत, त्यामुळे "काय दोन तासांचा फरक" म्हणून सोडून देता येत नाही.

त्रिज्या

पहिल्याचं उत्तर देतो. शाळेतला सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरे.

मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम.
रेखांशांमधला फरक: एक पूर्व आणि एक पश्चिम, म्हणून बेरीज. १४६.६५ अंश.

आता सूत्र (कोन म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन शहरांमध्ये होणारा कोन): कोनाचा कॉस = (साइन अक्षांश१ × साइन अक्षांश२) + (कॉस अक्षांश१ × कॉस अक्षांश२ × कॉस रेखांशफरक)

पहिला गुणाकार: ०.३२७१ × ०.६५१३ = ०.२१३०
दुसरा: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०
बेरीज −०.३८६०. याचा उलट कॉस घेतला की ११२.७ अंश. एका अंशाला १११.१९५ किमी धरा. उत्तर १२,५३२ किमी, म्हणजे सुमारे ६,७७० नॉटिकल मैल.

चुका ठरलेल्या असतात. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहतो आणि भलतंच उत्तर येतं. पश्चिम रेखांशाचं ऋण चिन्ह विसरलं की रेखांशफरक १ अंशाच्या खाली येतो आणि न्यूयॉर्क थेट किर्गिझस्तानात जाऊन बसतं. तिसरी चूक म्हणजे १११.१९५ अंशाऐवजी मिनिटाला गुणणं.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. तो चपटेपणा धरणाऱ्या संकेतस्थळांचा आकडा यापेक्षा दहा-वीस किमीने वेगळा येतो. तिकीट काढणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

पाटीपेन्सिल

वाखु (वाचनखूण) साठवली. पण ही रेषा जाते कुठून? भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यूयॉर्कला पट्टी लावली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते.

त्रिज्या

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावायचीच नाही. पृथ्वीगोल घ्या आणि दोन शहरांत दोरा ताणून धरा. तो दोरा सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि पश्चिम कझाकस्तान ओलांडून रशियात शिरतो. मॉस्कोच्या थोडं ईशान्येकडून आणि सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेकडून जातो, हेलसिंकीला जवळजवळ घासतो. पुढे स्वीडन, नॉर्वेतलं ट्रॉनहाइम, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, लॅब्राडोर, मेन आणि मग न्यूयॉर्क.

मुंबईहून निघताना दिशा ३३३ अंश, म्हणजे पश्चिम नव्हेच, उत्तर-वायव्य. सर्वांत उत्तरेचा बिंदू नॉर्वे आणि आइसलँडच्या मधल्या समुद्रात, ६४.७ अंशांवर. हे बृहद्वृत्त. गोलावर यापेक्षा जवळची वाट नाही.

आता वरची देशांची यादी पुन्हा वाचा आणि आजच्या तारखेला भारतीय कंपनीचं विमान यातल्या कोणत्या देशावरून जाऊ शकतं ते मोजा. पुढचं 'नोटॅम' लिहितील, त्यांचा तो प्रांत.

धावपट्टी२७

त्याआधी वेगाबद्दल. संकेतस्थळांची गंमत अशी की कुणी ताशी ८०० किमी धरतं, कुणी ९००. १२,५३२ ला ८०० ने भागा, १५ तास ४० मिनिटं. ९०० ने भागा, १४ तासांना पाच मिनिटं कमी. धागाकर्त्याचे दोन आकडे इथून आले. दोन्हींत वारा नाही, वळसा नाही, जमिनीवरचा वेळ नाही.

खरा हिशोब असा. बोईंग ७७७ लांबच्या पल्ल्यावर ध्वनीच्या ०.८४ पट वेगाने जातं. ११ किमी उंचीवर तापमान उणे ५६ च्या आसपास असतं आणि त्या थंडीत ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किमी. त्याच्या ०.८४ पट म्हणजे ताशी ८९२ किमी. हा हवेतला वेग. जमिनीवरून मोजलेला वेग यात वारा मिळवून किंवा वजा करून येतो. सीटसमोरच्या पडद्यावर कधी ७८० तर कधी १,०५० दिसतो तो हाच. त्याचा पायलटच्या 'गाडी दामटण्याशी' संबंध नाही.

तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. गेटवरून विमान मागे ढकलायला सुरुवात झाली की घड्याळ सुरू, पलीकडच्या गेटला लागलं की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात निघतानाचं टॅक्सी (गेट ते धावपट्टी जमिनीवरून सरकत जाणं) २० मिनिटं, उतरल्यावरचं १० मिनिटं आणि चढताना-उतरताना वेग कमी असल्याने जाणारी आणखी दहा धरा. म्हणजे शुद्ध उड्डाणाच्या वर ४० मिनिटं. संध्याकाळी जेएफकेला निघणाऱ्यांची रांग लागते तेव्हा हे वीस मिनिटांचं टॅक्सी सहज चाळीसवर जातं.

कंपन्या ब्लॉक टाइम ठरवताना मागच्या हंगामातल्या प्रत्यक्ष नोंदी बघतात आणि थोडी सैल बाजू धरतात. अमेरिकेत ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोचलेलं विमान 'वेळेवर' धरतात. त्यामुळे "पायलटने वीस मिनिटं भरून काढली" हे कौतुक बऱ्याचदा वेळापत्रकाच्या सैलपणाचं असतं.

सह्यवारा

माझ्या मते जाता-येता फरक पृथ्वीच्या फिरण्यामुळे असावा. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे न्यूयॉर्कहून येताना मुंबई लांब जायला हवी. पण उलट दिसतं. हे कसं?

त्रिज्या

कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किमी वेगाने पूर्वेकडे जाते. विमानाखालून जमीन अशी सरकत असती तर हवेत तरंगत राहून तासा-सव्वातासात दुबई खाली आली असती, इंधन जाळायची गरजच नाही.

फिरण्याचा संबंध आहे, पण आडवळणाने. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाणारी हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते आणि मध्य अक्षांशांत उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार पट्टे तयार होतात. तीच जेट स्ट्रीम. वारा नेमका किती वेळ खातो ते पुढे येऊ द्या.

धावपट्टी२७

घ्या. प्रत्यक्ष वाट १३,००० किमी धरू (का, ते खाली येईलच). पूर्ण वाटेवर सरासरी ताशी ५० किमीचा वारा धरू. लक्षात घ्या, सरासरी. जेटच्या गाभ्यात तो २०० च्या पुढे जातो, पण विमान पूर्ण वाट गाभ्यात नसतं.

वारा नसताना: १३,००० ÷ ८९२ = १४ तास ३४ मिनिटं
समोरून ५०: १३,००० ÷ ८४२ = १५ तास २६ मिनिटं
मागून ५०: १३,००० ÷ ९४२ = १३ तास ४८ मिनिटं

दोन्हींत जमिनीवरची ४० मिनिटं मिळवा. जाताना १६ तास ६ मिनिटं, येताना १४ तास २८. धागाकर्त्याच्या तिकिटाच्या जवळ आलं की नाही?

आणि हो, जाताना गेलेला वेळ येताना पूर्ण परत मिळत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन २९ तास ८ मिनिटं लागली असती, वाऱ्यासकट २९ तास १४. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून नुकसान नफ्यापेक्षा मोठं. सहा मिनिटं काही मोठी नाहीत, पण वारा दुप्पट झाला की हे नुकसान जवळपास चौपट होतं.

हंगामही बघा. डिसेंबर ते फेब्रुवारीत अटलांटिकवरची जेट जोरात असते आणि उपोष्ण जेट (तिच्या दक्षिणेला वाहणारा दुसरा पट्टा) अरबस्तान ते उत्तर भारत अशी खाली सरकलेली असते. येणाऱ्या विमानाला दोन्हींचा धक्का मिळतो, जाणाऱ्याला दोन्ही आडव्या येतात. जुलै-ऑगस्टमध्ये उपोष्ण जेट हिमालयाच्या उत्तरेला गेलेली असते, अटलांटिकवरचीही मंदावते. त्या दिवसांत जाता-येता फरक बराच कमी होतो.

पाटीपेन्सिल

मग जाताना जेट टाळून दुसऱ्या वाटेने का नाही जात?

धावपट्टी२७

जातातच. उड्डाणाआधी डिस्पॅचर (कंपनीत उड्डाणाची वाट आखणारा) त्या दिवसाच्या वाऱ्यांवर अनेक वाटा चालवून बघतो आणि कमी किमीची नाही, कमी वेळाची आणि कमी इंधनाची वाट घेतो. म्हणून लागोपाठ दोन दिवसांच्या वाटा शेकडो किमीने वेगळ्या दिसू शकतात.

उत्तर अटलांटिकवर तर समुद्रातले रस्तेच रोज नव्याने आखतात. कॅनडाचं गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडकडचं शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रं त्या दिवसाच्या वाऱ्यांप्रमाणे समांतर मार्ग जाहीर करतात. दिवसाचे पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी, रात्रीचे पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी. पूर्वेकडच्या मार्गांची वेळ जागतिक प्रमाणवेळेने पहाटे १ ते ८. मुंबईहून रात्री दोनला सुटलेलं विमान अटलांटिकच्या मध्यावर पोचतं तेव्हा त्याच प्रमाणवेळेने साधारण सात वाजलेले असतात, म्हणजे समोरून येणाऱ्यांचे मार्ग अजून चालू. मग या विमानाला त्या गर्दीपासून बाजूला राहणारी वेगळी वाट मागावी लागते, बहुधा उत्तरेकडून.

नोटॅम

आता आकाशाच्या कुंपणांबद्दल. त्रिज्यांनी दिलेल्या वाटेवर एकेक देश घेऊ.

पाकिस्तान: २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांना आकाश बंद केलं आणि मग महिन्यामहिन्याने मुदत वाढवत नेली. भारतानेही ३० एप्रिलला तेच केलं. याआधी फेब्रुवारी ते जुलै २०१९ असं साडेचार महिने हे झालं होतं. बंदी कंपनीच्या देशावर असते, प्रवाशाच्या नाही. म्हणून आखाती किंवा युरोपीय कंपनीचं विमान मुंबईहून पाकिस्तानवरून जाऊ शकतं.

अफगाणिस्तान: ऑगस्ट २०२१ नंतर तिथे उंचावरच्या विमानांना नियंत्रण सेवा मिळेनाशी झाली.

रशिया: २०२२ पासून अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या कंपन्यांना बंद. भारतीय आणि आखाती कंपन्यांना नाही. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून सगळ्यांनाच बंद.

म्हणजे मुंबईहून भारतीय कंपनीची वाट सहसा अरबी समुद्र, ओमान किंवा अमिराती, मग इराण किंवा इराक, तुर्कस्तान, युरोप, अटलांटिक अशी. ढोबळ मापासाठी मुंबई–दुबई १,९२७ + दुबई–इस्तंबूल ३,०२८ + इस्तंबूल–जेएफके ८,०२७ = १२,९८२ किमी. वर धरलेले १३,००० ते हेच. सरळ रेषेपेक्षा ४५० किमी जास्त, म्हणजे अर्धा तास.

या वाटेतही खात्री नाही. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात इराण आणि इराक दोन्हींवरचं आकाश बंद झालं. मग सौदी-इजिप्तकडून जायचं. त्याने आणखी वेळ वाढतो, आणि सगळेच तिकडे वळल्यामुळे हवी ती उंची मिळत नाही.

वर्‍हाडी_ठेचा

दिल्ली नकाशात अमेरिकेला जवळ दिसते. नागपूरकरांनी दिल्लीहून जावं की मुंबईहून?

नोटॅम

कागदावर दिल्ली–जेएफके ११,७५५ किमी, मुंबईपेक्षा ७७७ किमी कमी. (७७७ हा योगायोग समजा.) पण पाकिस्तान बंद असताना भारतीय कंपनीचं दिल्लीचं विमान आधी नैर्ऋत्येला गुजरातपर्यंत खाली येतं, समुद्रावरून आखातात जातं आणि तिथून वर चढतं. हीच दुबई-इस्तंबूल वाट धरली तर ते साडेतेरा हजारांवर जातं. म्हणजे मुंबईहून लांब! २०२५ मध्ये बंदी आल्यावर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्ना आणि कोपनहेगनला उतरायला लागली ती यामुळेच. येताना मागचा वारा असतो, तेव्हा थांब्याची गरज कमी पडते.

नागपूरहून दोन्हीकडे सव्वा-दीड तासाचं विमान आहे. आकाश बंद असेपर्यंत मुंबई बरी. तिकीट काढताना 'थांबे: ०' लिहिलंय का तेवढं बघा. एकच फ्लाइट नंबर असूनही मध्ये तांत्रिक थांबा असू शकतो. अशा थांब्यावर प्रवाशांना सहसा उतरवत नाहीत, पण तासभर जातोच.

त्रिज्या

लांबची वाट लवकर पोचवते याचं झकास उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने ही सेवा अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अटलांटिकची वाट १३,९०० किमी, पॅसिफिकची १५,३००. चौदाशे किमी जास्त, आणि तरीही वेळ कमी, साडेचौदा तासांच्या आसपास, कारण पूर्वेकडे जाताना बहुतेक वाट वारा पाठीशी.

म्हणून अंतराच्या आकड्याला तासांत बदलणारं कोणतंही एकच गुणक नाही. दिशा कळल्याशिवाय वेळ सांगणारं संकेतस्थळ अंदाजपंचे दाहोदरसे.

सह्यवारा

मुंबई–सॅन फ्रान्सिस्कोची रेषा तर ध्रुवाजवळून जाते ना?

त्रिज्या

हो. सुमारे १३,५०० किमी, आणि सर्वांत वरचा बिंदू ७६.७ अंश उत्तर, सैबेरियाच्या वरच्या समुद्रात. निघतानाची दिशा उत्तरेपासून पूर्वेला जेमतेम १४ अंश. पण ती वाट हिमालय-तिबेटवरून जाते आणि तिथे विमान कंपन्या सहसा नेत नाहीत. केबिनमधला दाब गेला तर दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथली जमीनच चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण १२ ते २० मिनिटं पुरतो. सुटका करून घ्यायला तेवढाच वेळ.

नोटॅम

आणि दोन इंजिनांच्या विमानाला वाटेत कुठेही एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ लागतो. ६ जून २०२३ ला दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या मगदानला उतरलं. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते. दुसरं विमान पाठवून ८ जूनला त्यांना पुढे नेलं. मगदान तिथे होतं म्हणूनच ती वाट आखता येते.

इंधनपेटी

इंधनाबद्दल कुणी लिहिलं नाही. ७७७-३००ईआरच्या टाक्यांत १ लाख ८१ हजार लिटर मावतं, वजन साधारण १४५ टन. सुरुवातीला, जड असताना, तासाला नऊ टनांच्या आसपास जातं, शेवटी साडेसहा-सात. सोळा तासांना १२० टन धरा. त्यावर वाटेतल्या फेरफाराचा साठा, पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन आणि शेवटचा ३० मिनिटं घिरट्या घालण्याचा राखीव साठा. तो राखीव हात न लावता उतरणं अपेक्षित असतं.

इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. जास्तीच्या वजनाच्या तीन-चार टक्के दर तासाला. सोळा तासांच्या उड्डाणात शेवटी कामी यावं म्हणून १० टन जादा घेतलं तर त्यातलं चार-साडेचार टन ते वाहण्यातच जळतं. वळसा एका तासाने वाढला की म्हणूनच हिशोब एका तासाच्या इंधनावर थांबत नाही. एका मर्यादेनंतर माल उतरवतात, मग काही सीट रिकाम्या ठेवतात, मग मध्ये थांबा घेतात. या क्रमाने.

मुंबईहून लांबची विमानं रात्री सुटण्यामागचं एक कारणही वजनच. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या हवेत इंजिनाचा जोर आणि पंखाची उचल दोन्ही कमी पडतात, म्हणून तेवढ्याच धावपट्टीवर कमी वजन उचलता येतं. पहाटे दोनला हवा जरा बरी असते. दुसरं कारण पलीकडे सकाळी पोचून पुढची विमानं पकडता येणं.

विमान सुरुवातीला ३०-३२ हजार फुटांवर जातं तेही वजनामुळेच. इंधन जळून हलकं झालं की ३४, मग ३६, मग ३८ असं टप्प्याटप्प्याने वर.

घाटमाथा

भन्नाट माहिती. आता तिसऱ्या प्रश्नाकडे या की मंडळी. मधे उतरून गेलं तर?

लेओव्हर

अंतराने फारसं बिघडत नाही, हे आधी ध्यानात घ्या. सगळे आकडे सरळ रेषेचे, किमीमध्ये, एकूण अंतर शेवटी:

लंडनमार्गे ७,२१३ + ५,५४० = १२,७५३
फ्रँकफर्टमार्गे ६,५६९ + ६,१९० = १२,७५९
इस्तंबूलमार्गे ४,८३५ + ८,०२७ = १२,८६२
दुबईमार्गे १,९२७ + ११,००१ = १२,९२८

थेट १२,५३२ शी ताडून बघा. दुबईचा वळसासुद्धा ४०० किमी, अर्ध्या तासाचाही नाही. वेळ जातो तो दुसऱ्यांदा टॅक्सी, चढण, उतरण आणि मधला थांबा यांत. दोन तासांचा थांबा असेल तर एकूण एकोणीस-वीस तास, चारचा असेल तर एकवीस-बावीस.

सत्तरीच्या प्रवाशांसाठी मी किमी नव्हे, तुकडे बघेन. लंडन-फ्रँकफर्टने नऊ-साडेनऊ आणि आठ-नऊ तास असे दोन बरोबरीचे तुकडे पडतात, मधे पाय मोकळे होतात. दुबईने सव्वातीन आणि चौदा. म्हणजे अर्धी झोप मोडून पुन्हा चौदा तास बसायचं. गुडघे-पाठीचा त्रास असेल तर युरोपमार्ग, चालणं कठीण असेल तर थेट. मोठ्या विमानतळावर गेट बदलायला अर्धा तास सहज चालावं लागतं. व्हीलचेअर तिकिटावरच मागून ठेवा, आयत्या वेळी मागितली तर वाट बघावी लागते.

थांबा दोन तासांपेक्षा कमी घेऊ नका. पहिलं विमान ४० मिनिटं उशिरा आलं तरी पुढचं मिळायला हवं. आणि दोन्ही तुकडे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर हवेत. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिलं चुकलं तर दुसरी कंपनी हात वर करते आणि सामानही मधे उतरवून पुन्हा द्यावं लागतं.

अबू धाबीमार्गे जात असाल तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, २०१४ पासून. जेएफकेला देशांतर्गत विमानासारखं उतरून थेट बाहेर. पण ती रांग अबू धाबीला लागते, म्हणून थांबा तीन तासांचा तरी असू द्या.

एडिसनकर

जेएफकेच्या पुढे आणखी विमान असेल (ह्यूस्टन, शिकागो वगैरे) तर एक गोष्ट: सामान मुंबईहून शेवटपर्यंत टॅग केलं असलं तरी अमेरिकेत पहिल्या विमानतळावर ते पट्ट्यावरून उचलायचं, कस्टममधून न्यायचं आणि पुन्हा जमा करायचं. इमिग्रेशनला तास-दीड तास धरून पुढचं विमान तीन तासांनंतरचंच घ्या.

न्यू जर्सीत उतरणाऱ्यांनी जेएफके आणि नेवार्क यांत फरक करावा. दोन्ही सरळ रेषेत जेमतेम ३३ किमी, हवेत काहीच फरक नाही. पण एडिसनहून नेवार्क अर्ध्या तासावर, आणि जेएफकेहून सकाळच्या वाहतुकीत दोन तासही लागतात.

सह्यवारा

पुणेकरांनी आपलेही तास धरा. मुंबई विमानतळ १५० किमी, घाटात गाडी अडकली तर साडेतीनचे पाच तास. कंपनीचा काउंटर सुटण्याच्या किमान तासभर आधी बंद होतो. अमेरिकेच्या विमानाला गेटवर आणखी एकदा तपासणी होऊ शकते. सुटण्याच्या चार तास आधी पोचायचं धरून निघा.

पाटीपेन्सिल

तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात, त्यातून खरे तास काढताना दर वेळी गोंधळ होतो.

त्रिज्या

हिवाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. जाताना हा फरक मिळवायचा, येताना वजा करायचा.

जाताना (हिवाळा): मुंबई २:००, न्यूयॉर्क त्याच तारखेला ७:३०. घड्याळात साडेपाच + साडेदहा = १६ तास.
येताना: न्यूयॉर्क ११:३०, मुंबई दुसऱ्या दिवशी १२:१५. घड्याळात पावणेपंचवीस − साडेदहा = सव्वाचौदा.

रात्री दोनच्या विमानाची तारीख नीट बघा. १५ तारखेचं २:०० चं विमान म्हणजे १४ ला जेवून निघायचं.

नोटॅम

आणि आपल्या विमानाला खरोखर किती वेळ लागतो ते बघायचं तर फ्लाइट ट्रॅकिंगच्या संकेतस्थळावर फ्लाइट नंबर टाका आणि मागच्या आठ-दहा दिवसांच्या नोंदी काढा. 'टेकऑफ ते लँडिंग' आणि 'गेट ते गेट' हे रकाने वेगळे आहेत, ते मिसळू नका. सरासरीबरोबर सर्वांत वाईट दिवसही बघा. पुढच्या विमानाची वेळ त्यावर ठरवा. जानेवारीच्या प्रवासासाठी जुलैच्या नोंदी बघून उपयोग नाही.

घाटमाथा

शेवटचं एक. मार्चमध्ये अमेरिकेतली घड्याळं पुढे सरकतात त्याच दिवशी विमान असेल तर?

त्रिज्या

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनला तीन वाजतात. २०२६ मध्ये तो ८ मार्च. मुंबईहून ८ ला पहाटे २:०० ला सुटलेलं विमान तिथल्या ७ तारखेच्या दुपारी साडेतीनला सुटलं असं धरा. सोळा तास मिळवले की ८ ला सकाळी साडेसात, पण तोवर घड्याळ सरकलेलं असतं, म्हणून भिंतीवर ८:३०. तिकिटावरच्या वेळेत हे आधीच धरलेलं असतं. न्यायला येणाऱ्याने मात्र आदल्या रात्री घड्याळ बदललंय ना ते बघावं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी उलट.